सायन्स फिक्शन गेममधले व्यवहारी निर्णय आणि सोबत्यांचा स्वभाव: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भुसावळात दर शनिवारी रात्री आमच्या दुकानामागच्या खोलीत पाच-सहा जण जमतात. स्क्रीन एक, कंट्रोलर एक, आणि निर्णय सगळ्यांच्या मताने. कोणी रावेरहून येतं, कोणी जळगावहून, एक ताई महिन्यातून एकदा अमळनेरहून येतात. भांडणं होतात, आणि ती बहुतेक वेळा गोळीबारावरून होत नाहीत. जहाजावरचा अमुक सोबती, म्हणजे खेळाडूसोबत फिरणारं पात्र, असं कसं बोलला, यावरून होतात. त्या भांडणांतून निघालेले आणि नंतर फोनवर पुन्हा पुन्हा विचारले गेलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरांत बऱ्याच गेमच्या कथा उघड होतात, तेव्हा ज्यांना अजून खेळायचं आहे त्यांनी त्या त्या गेमचं नाव दिसलं की पुढे सरकावं.

व्यवहारी निर्णय म्हणजे नेमकं काय? कठोर वागलं की झाला व्यवहारी?

नाही, आणि हा घोळ गेमनीच घातलेला आहे. मास इफेक्टमध्ये (२००७) पॅरागॉन, म्हणजे सभ्य वाट, निळा आणि रेनेगेड, म्हणजे कठोर वाट, लाल. लाल खात्यात दोन अगदी वेगळ्या गोष्टी जमा होतात. राक्नी राणीला मारायचं की सोडायचं, हा खरा हिशोब आहे. तिच्या जमातीने एकदा अख्खी आकाशगंगा जेरीस आणली होती, आणि ती आज शांततेचं बोलत असली तरी तिच्या शब्दाला तारण काहीच नाही. दुसरीकडे बातमीदार बाईला ठोसा मारला तरी गुण लाल खात्यातच पडतात. त्या ठोशातून कोणाचा जीव वाचत नाही की काही मिळत नाही. तो नुसता राग आहे.

मी एक खूण धरून चालतो. व्यवहारी निर्णय घेणाऱ्याला त्याची किंमत आधी दिसते, आणि ती किंमत ज्याच्याकडून वसूल होणार त्याच्यासमोर उभं राहून तो ती सांगू शकतो. हे जमत नसेल तर तो व्यवहार नाही, सोय आहे.

एकाला सोडून दहा वाचत असतील तर सोबत्याने नाराज का व्हावं? हिशोब तर बरोबर आहे ना?

हा प्रश्न आमच्या रावेरच्या मित्राचा, आणि उत्तरही त्याच्याच शेतातून मिळालं. केळीवर सीएमव्ही आला, म्हणजे आपला हरण्या, की रोगट झाड वाचत नाही. मावा ही कीड तो रोग पुढच्या झाडावर नेते. उपाय एकच, झाड मुळासकट उपटून नष्ट करायचं. मित्राच्या वडिलांनी एका आठवड्यात निम्मा प्लॉट उपटला. हिशोब बरोबर होता, उरलेली बाग वाचली. पण त्यांच्या सालदाराने प्रत्येक खोडाला हाताने पाणी दिलेलं, तो चार दिवस शेताकडे फिरकला नाही. पाचव्या दिवशी आला आणि मुकाट्याने कामाला लागला. मालक चुकले असं तो कधीच म्हणाला नाही. फक्त त्याला ते लागलं होतं.

द आउटर वर्ल्ड्समध्ये (२०१९) पहिलाच मोठा निर्णय या जातीचा आहे. वीज एकाच ठिकाणी पुरेल एवढी. एजवॉटर हे मासे डबाबंद करणारं कंपनीचं गाव, आणि तिथून पळून बागेत राहिलेली माणसं दुसरीकडे. गावात साथ पसरलेली, औषध कोणाला द्यायचं ते कामाच्या उरकावर ठरतं. बागेतली अॅडलेड अन्न चांगलं पिकवते, पण खत म्हणून प्रेतं वापरते. कागदावर बघितलं तर गावाची वीज तोडणं समर्थनीय वाटू शकतं. पण तुमच्यासोबत पार्वती उभी असते. ती त्याच गावची मेकॅनिक, आणि तिची विनवणी एवढीच की गावाला अंधारात टाकू नका. कंपनीची ती भक्त नाही. गावातली माणसं तिला नावानिशी माहीत आहेत, एवढंच तिचं कारण.

वीज तोडली की ती दुखावते, आणि ते मला पूर्ण पटतं. दीपनगरचं वीज केंद्र शेजारी असूनही रात्रीच्या भारनियमनात मोटार चालू व्हायची वाट बघत बसलेल्या लोकांना ते वेगळं समजावून सांगावं लागत नाही. पार्वतीचं दुःख खेळाडूचा हिशोब खोटा पाडत नाही, त्याची किंमत दाखवतं. सोबत्याचं काम हेच आहे असं मला मनापासून वाटतं.

मास इफेक्ट २ मध्ये मी कलेक्टरांचा तळ राखला. मिरांडा माझ्याच बाजूची असायला हवी होती, ती विरोधात कशी बोलली?

सगळ्यांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न हाच, म्हणून सविस्तर लिहितो.

मास इफेक्ट २ (२०१०) च्या शेवटी, माणसं पळवणाऱ्या कलेक्टर नावाच्या शत्रूंच्या तळावर, दोन वाटा असतात. तळ उडवून द्या, किंवा किरणोत्सर्गाच्या झोताने उरलेले शत्रू मारून यंत्रसामग्री शाबूत ठेवा. दुसरी वाट इल्युझिव्ह मॅन सुचवतो, म्हणजे सर्बेरस संघटनेचा प्रमुख. या तळावर हजारो माणसं वितळवली गेली, हे खरं. रीपर, म्हणजे सगळ्या संस्कृती पुसून टाकणारी महाकाय यंत्रं, येत आहेत आणि त्यांच्याशी लढायला आपल्याजवळ काही नाही, हेही तितकंच खरं. व्यवहारी माणसाने इथे थांबून विचार करावा असाच हा पेच आहे.

मिरांडा लॉसन पूर्ण गेमभर सर्बेरसची निष्ठावान अधिकारी आहे. शेपर्डला, म्हणजे खेळाडूच्या पात्राला, मेलेल्यातून उठवण्याचा प्रकल्प तिने चालवला. साधन कुठून आलं यापेक्षा काम झालं का, हे बघणारी बाई. ती शेवटच्या लढाईत तुमच्या सोबत असेल तर नेमक्या त्या क्षणी ती कचरते, या तळातलं काहीही वापरणं म्हणजे विश्वासघात वाटतो म्हणते. तळ उडवला आणि प्रमुखाने तिला शेपर्डला थांबवायला सांगितलं, तर ती त्याच्या तोंडावर राजीनामा देते.

तो राजीनाम्याचा प्रसंग आमच्या खोलीत टाळ्या घेतो, आणि का घेतो ते मला कळतं. पण त्या वळणाची वाट आधी बांधलेली नाही. बहिणीच्या प्रकरणात तिचा प्रमुखावरचा विश्वास थोडा थोडा ढळताना दाखवला असता, किंवा जहाजावरच्या एखाद्या संभाषणात तिने सर्बेरसच्या जुन्या प्रयोगांबद्दल एकदा तरी गप्प राहून विषय बदलला असता, तर मी हे वळण बिनतक्रार स्वीकारलं असतं. आहे तसं ते लेखकाचं मत तिच्या तोंडी घातल्यासारखं वाटतं. तळ राखणाऱ्या खेळाडूला त्या दालनात एकही समजदार माणूस आपल्या बाजूने सापडत नाही. बाजूने बोलतो तो एकटा इल्युझिव्ह मॅन, आणि त्याच्यावर आधीच कोणाचा भरवसा नाही. निर्णय तुमचा आहे असं गेम म्हणतो, पण सगळे साक्षीदार एकाच बाजूला बसवतो.

काही जण मिरांडाची बाजू घेतात. माणसं वितळताना डोळ्यांनी पाहिल्यावर कोणीही हलेल, असं त्यांचं म्हणणं. हे मी मान्य करतो, एका अटीवर. हललेल्या माणसाला आपण हललो हे कळलं पाहिजे. "मी कालपर्यंत उलट बोलले असते" असं एक वाक्य तिला मिळालं असतं तरी पुरे होतं.

मग पुढच्या भागात तळ राखल्याचा काही फायदा होतो का?

नावापुरता. मास इफेक्ट ३ (२०१२) मध्ये युद्धाच्या तयारीत १०० ऐवजी ११० गुण. एवढ्या मोठ्या पेचाचं फळ इतकं लहान निघालं याचं आम्हाला अजून वाईट वाटतं.

सोबत्याचं मत बदललं म्हणजे स्वभाव सुटला, असंच ना?

अजिबात नाही. मास इफेक्टमधला मॉर्डिन सोलस बघा. माझ्या मते सायन्स फिक्शन गेममधलं सोबत्याचं सगळ्यांत नीट घडवलेलं पात्र तोच.

क्रोगन जमातीवर जेनोफेज हा मुद्दाम बनवलेला रोग लादलेला आहे. हजारातली एखादीच गर्भधारणा तगते. क्रोगन त्यावर मात करू लागले तेव्हा सुधारित जेनोफेज बनवणाऱ्या पथकात मॉर्डिन होता. दुसऱ्या भागात तो त्याचं समर्थन आकड्यांनी करतो: वाढ अशीच राहिली तर युद्ध, युद्ध झालं तर सर्वनाश, म्हणून लोकसंख्या मर्यादेत ठेवणं हाच कमी वाईट मार्ग. सौदा मांडावा तसा स्वच्छ हिशोब. मग टुचांका या क्रोगनांच्या ग्रहावर त्याच्याच शिष्याने, मेलॉनने, इलाजासाठी केलेले क्रूर प्रयोग समोर येतात. एका मेलेल्या क्रोगन स्त्रीच्या प्रेतापाशी मॉर्डिन थांबतो. आकडे तेच असतात, पण प्रत्येक आकड्याला आता चेहरा आलेला असतो.

तिसऱ्या भागात तो इलाज करायला निघतो तेव्हा बोलण्याची ढब तीच आहे. तुटक वाक्यं, वेग, आणि हे काम मलाच करायला हवं, दुसऱ्याच्या हातून चुकलं असतं, हा हट्टही तोच. ज्या अभिमानाने त्याने रोग सुधारला त्याच अभिमानाने तो इलाज करतो. मत फिरलं, माणूस जागेवर राहिला.

याहून सुंदर गोष्ट पुढे आहे. पहिल्या भागातला क्रोगन सोबती रेक्स आधीच मेलेला असेल आणि मेलॉनची माहिती नष्ट केल्यामुळे ईव्ह ही क्रोगन स्त्रीही वाचलेली नसेल, तर क्रोगनांचं नेतृत्व रीव्हकडे असतं, आणि त्याला फक्त सूड हवा असतो. त्या परिस्थितीत इलाज थांबवायला मॉर्डिनचं मन वळवता येतं, आणि तो जगतो. रेक्स आणि ईव्ह जिवंत असताना मात्र तो ऐकत नाही. त्याला थांबवायचं तर गोळीच घालावी लागते. आत काय हिशोब चाललाय हे आपल्याला प्रत्यक्ष दिसतं: नेता बरा असेल तर क्रोगनांवर भरवसा ठेवता येतो, नसेल तर जुनी भीती खरी ठरते. परिस्थितीप्रमाणे कृती बदलते आणि तरी स्वभाव एकच राहतो, तो असा.

आमच्या खोलीत एकदाच कोणी ती गोळी घातली. त्यानंतर त्या रात्री गेम पुढे गेला नाही.

सोबत्याचा स्वभाव मोडल्याचं सगळ्यांत ठळक उदाहरण कोणतं?

फॉलआउट ३ (२००८) चा शेवट. पाणी शुद्ध करणारं यंत्र सुरू करायचं आहे, पण त्या दालनात जीवघेणा किरणोत्सर्ग. तुमच्यासोबत फॉक्स नावाचा सुपर म्युटंट असू शकतो, त्याला किरणोत्सर्गाने काही होत नाही. थोड्याच वेळापूर्वी व्हॉल्ट ८७ या जमिनीखालच्या आसऱ्यात तो तुमच्यासाठी तशाच खोलीत शिरून यंत्र घेऊन आलेला असतो. आणि इथे तो नकार देतो, हे तुमच्या नशिबी लिहिलेलं आहे म्हणतो.

ज्याने तुम्हाला मित्र मानलं तो बटण दाबायला दहा पावलं जात नाही, का तर लेखकाला हौतात्म्य हवं आहे. २००९ मध्ये ब्रोकन स्टील ही जोड आली तेव्हा फॉक्सला पाठवायची सोय झाली. शेवटचं निवेदन मात्र तरीही तुम्ही दुसऱ्याला पुढे केलंत असा ठपका ठेवतं. जो निर्णय सगळ्यांत शहाणा आहे त्याला भित्रेपणा म्हणणं मला आजही अन्यायाचं वाटतं.

आणि उलट, अवघड जागी स्वभाव टिकल्याचं?

फॉलआउट ४ (२०१५) मधला पॅलाडिन डान्स. कृत्रिम माणसं नष्ट झाली पाहिजेत असं मानणाऱ्या ब्रदरहुडचा कडवा सैनिक, आणि तो स्वतःच कृत्रिम निघतो. सुटायची संधी समोर असताना तो म्हणतो की आपल्याला मारण्याचा हुकूम योग्यच आहे. त्याचं तत्त्व मला पटत नाही. पण ते त्याच्याच गळ्याशी आलं तेव्हा त्याने ते सोडलं नाही, म्हणून त्याला वाचवायचा प्रयत्न करावासा वाटतो.

सोबती सोडून जाईल या भीतीने निर्णय बदलावा का?

बदलू नका. फॉलआउट: न्यू वेगासमध्ये (२०१०) तुम्ही लीजन या गुलाम बाळगणाऱ्या फौजेशी हातमिळवणी केलीत तर बून हा सोबती तुमच्याबरोबर राहत नाही. त्याच्या बायकोचं लीजनच्या माणसांनी काय केलं हे कळल्यावर त्याने राहावं असं म्हणणंच चुकीचं आहे. चांगला नेमबाज गेला, ही त्या निर्णयाची किंमत. ती भरा आणि पुढे चला.

मी मास इफेक्टच्या पहिल्या भागात गॅरस या सोबत्याला नियमाने वागायला शिकवलं. दुसऱ्या भागात तो पुन्हा कायदा हातात घेतलेला सापडतो. माझी मेहनत वाया गेली?

थोडी गेली, हे खरं. काहीही शिकवलंत तरी तो ओमेगा या अवकाशस्थानकावर आर्कएंजेल या टोपणनावानेच भेटतो, कारण दोन वेगळ्या कथा लिहिणं खर्चिक असतं. पण ओमेगावर कायदाच नाही. नियम मानणारा तरुण अधिकारी नियम नसलेल्या जागी काय करेल, असा प्रश्न घेतला तर उत्तर बरंचसं तेच येतं. मी ही त्रुटी मानतो, विश्वासघात मानत नाही.

क्रिया नावाच्या म्हाताऱ्या सोबतिणीला काहीही केलं तरी राग येतो. तिचा स्वभाव तरी काय?

नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक २ (२००४) मध्ये नार शादा या चंद्रावर एक भिकारी भेटतो. पैसे द्या, त्याला लुटलं जातं. हाकला, तो आपला राग दुसऱ्या कोणावर काढतो. दोन्ही वेळा क्रिया तुम्हाला सुनावते. नवख्या खेळाडूला ती आजी नुसती किरकिरी वाटते.

पण तिचं म्हणणं पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच आहे: परिणामाचा विचार न करता केलेलं चांगलं आणि वाईट, दोन्ही सारखंच आंधळं. तिच्याशी वाद घाला, कारणं द्या, मग ती वेगळी बोलते. तिला प्रसन्न करायच्या मागे लागू नका. सगळ्या सोबत्यांत व्यवहाराबद्दल सर्वांत खोल तीच बोलते.

स्टारफील्डमध्ये सगळे सोबती एकाच सुरात का रागावतात?

स्टारफील्डमध्ये (२०२३) कॉन्स्टेलेशन या शोधकांच्या गटाचे चार मुख्य सोबती आहेत: सारा, बॅरेट, सॅम आणि आंद्रेया. पूर्वायुष्यं अगदी वेगळी, पण नीतीचा काटा साधारण एकाच दिशेला. त्यामुळे कठोर हिशोब मांडणाऱ्या खेळाडूला जहाजावर वाद घालायला कोणी उरत नाही, फक्त कोर्ट उरतं. आंद्रेयासारख्या स्त्रीने एखाद्या वेळी गुपचूप मान डोलवली असती तर मला फार आवडलं असतं.

आमचं इंग्रजी बेताचं आहे. या गेम मराठीत नाहीत. मग सोबत्याचा स्वभाव कळणार कसा?

आमच्याकडे एक जण संवाद वाचतो आणि तिथल्या तिथे मराठीत सांगतो. सुरुवातीला ही अडचण वाटायची. आता वाटतं, स्वभाव तपासायला याहून चांगली पद्धत नाही.

कारण इंग्रजीत "तू" आणि "तुम्ही" एकच. मराठीत सांगताना पहिल्याच वाक्याला ठरवावं लागतं की मास इफेक्टमधली सोबतीण टाली शेपर्डला काय म्हणेल. पहिल्या भागात ती नवखी, वाचवलेली पोर, तेव्हा "तुम्ही". दुसऱ्या भागात तिच्या लोकांनी तिच्यावर खटला भरला आणि शेपर्ड तिच्यासाठी उभा राहिला, त्यानंतर आमच्या तोंडून आपोआप "तू" निघालं. कोणी ठरवलं नव्हतं. रेक्स पहिल्या भेटीपासून "तू", तो कोणालाच अहो-जाहो करणार नाही. मिरांडाचं "तुम्ही" आम्ही शेवटपर्यंत ठेवलं, आणि राजीनाम्याच्या वाक्याला वाचणारा अडखळला. ती प्रमुखाला इथे "तू" म्हणेल का? अडखळला तिथेच सगळ्यांच्या लक्षात आलं की हे वळण मागून आलेलं नाही.

अमळनेरच्या ताईंनी एकदा रेक्सचे सगळे संवाद अहिराणीत केले. व्हर्मायर ग्रहावरचा त्याचा आणि शेपर्डचा वाद, जिथे जेनोफेजचा इलाज नष्ट करायला तो तयार नसतो आणि बंदूक रोखतो, तो आमच्या बोलीत ऐकला तेव्हा खोलीत कोणी हललं नाही. जमातीचा म्हातारा पंचात उभा राहून बोलतोय असं वाटलं. त्याच्या घराण्याचं चिलखत तुम्ही आधी मिळवून दिलं असेल तर तो शांत होतो, आणि अहिराणीत ते लगेच पटतं. ज्याने वडिलार्जित वस्तू परत आणून दिली त्याच्यावर हात उगारायचा नाही, एवढं साधं आहे ते.

जुनं सेव्ह लोड करून निर्णय बदलला तर चालतं का?

एकटे असाल तर तुमचा खेळ आहे. आमच्या खोलीत चालत नाही.

आम्हाला टेबलावर, कागद-फाशांनी स्वतःचा सायन्स फिक्शन खेळ मांडायचा आहे. सोबत्याचा स्वभाव एकसारखा कसा ठेवायचा?

ट्रॅव्हलर हा तसा खेळ १९७७ पासून आहे, नियम तिथून घ्या किंवा स्वतः बनवा, त्याने फार फरक पडत नाही. प्रत्येक सोबत्यासाठी शाळेच्या वहीचं एक पान ठेवा. त्यावर त्याची ताकद वगैरे नंतर. आधी दोन गोष्टी लिहा: तो कोणत्या गोष्टीला मेला तरी हात लावणार नाही, आणि कोणती गोष्ट दात-ओठ खात का होईना करेल. पहिली यादी लहान ठेवा. पन्नास गोष्टींना नकार देणारा सोबती लवकर कंटाळवाणा होतो.

मग खाली तारखा टाकत जा. खेळाडूंनी त्याच्यासमोर काय केलं, कोणता शब्द दिला, कोणता मोडला. स्टार वॉर्सच्या नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिकच्या पहिल्या भागात (२००३) झालबार हा सोबती खेळाडूचं प्राणाचं ऋण मानतो. खेळाडू अंधाराकडे वळला तर त्याच ऋणाचा आधार घेत आणि मनावर ताबा मिळवणारी शक्ती वापरून त्याला त्याची जिवलग मैत्रीण मिशन हिला मारायला लावता येतं. आम्हाला तो प्रसंग खेळवला नाही, पण तो इतका भयंकर वाटतो कारण शब्द पहिल्याच ग्रहावर दिला गेला होता.

आमच्या स्वतःच्या खेळात पाण्याची टाकी घेऊन जाणारं एक मालवाहू जहाज आहे आणि त्यावर गोदा नावाची मेकॅनिक. हे पात्र मी चालवतो. तिच्या पानावर लिहिलंय: तहानलेल्याकडून पैसे घेणार नाही. गिरणाकाठी उन्हाळ्यात टँकरची वाट बघितलेल्या माणसाला हे सुचायला वेळ लागला नाही. गेल्या महिन्यात खेळाडूंनी एका खाणीच्या वसाहतीला पाणी दुप्पट भावाने विकलं. त्याशिवाय इंधन मिळालं नसतं आणि जहाजावरची नऊ माणसं तिथेच अडकली असती. हिशोब बरोबर होता. रावेरच्या मित्रानेच मांडला होता.

मी गोदाचं पान उघडलं, वाचलं, आणि तिने इंजिन सुरू करून दिलं. त्यानंतर तीन शनिवार ती फक्त कामापुरतं बोलते आहे. काल मित्राने विचारलं, "भो, ती अजून किती दिवस अशी राहील?" मी त्याला पान दाखवलं. तिथे तारीख टाकून मी लिहिलेलं होतं, आणि खाली त्याने दिलेल्या एका शब्दासाठी जागा मोकळी सोडली होती.